पाचूच्या अंगावरचे तीळ

गेल्या श्रावणातली गोष्ट. चवथीला पंधरा-वीस दिवस उरले होते. मी माटोळीला काय काय मिळेल, काय विकत आणावं लागेल याचा हिशेब करत बसलो होतो आणि फोंड्याहून बहिणीचा फोन आला. "दादा, पाचूच्या अंगावर तीळ उठलेत. हे शुभ की अशुभ?" अर्धी थट्टा होती, पण अर्धा प्रश्न खराच होता. पाल माणसाच्या अंगावर कुठे पडली म्हणजे काय फळ, याचा तक्ता आपल्या पंचांगांत असतो. पालीच्या अंगावर काही पडलं तर पालीला काय फळ, हे लिहून ठेवायची गरज आजवर कुणाला वाटलेली नाही.

पाचू म्हणजे इग्वाना. हिरवा इग्वाना, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, सरड्याचा थोरला भाऊ म्हणा. शेपटीसकट तीन फूट लांब, वजन नऊशे ग्रॅम. भाच्याच्या वडिलांचे एक स्नेही बदली होऊन निघाले, ते जाताना कागदपत्रांसकट देऊन गेले. भाचा सतरा वर्षांचा. त्याला कुत्रा हवा होता, बहिणीला नको होता. इग्वाना भुंकत नाही, केस गाळत नाही, शुद्ध शाकाहारी आहे, या तीन मुद्द्यांवर घरात त्याला मंजुरी मिळाली. जास्वंदीची पानं आणि फुलं, भोपळा, दुधी असं तो खातो. आमच्या आईने तर त्याला पहिल्याच दिवशी 'शिवराक' ठरवून टाकलं आणि प्रश्न मिटला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. पाचू फांदीवर नेहमीसारखा बसला होता, पण डोळे अर्धे मिटलेले आणि रंग मळकट. गळ्याखालच्या पडद्याच्या घडीत, कानाच्या गोल चकतीच्या कडेने, पुढच्या पायांच्या काखेत काळे ठिपके. खसखशीच्या दाण्याएवढे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं तर त्यातला एक तीळ चालत होता.

भाच्याला ते चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. त्याने आईला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर चवथीच्या आधी पाचूची घरातून रवानगी झाली असती, असं त्याला वाटत होतं. तो रात्री दार लावून कापसाने एकेक ठिपका टिपत होता. सकाळी तेवढेच पुन्हा हजर. "मामा, हांव कितें करूं?" एवढंच म्हणाला. पोराचा चेहरा पाहून मला पुढचं काही बोलवेना.

आता हे काय आहे त्याला मराठीत नाव काय द्यावं, इथपासून माझी अडचण सुरू झाली. गुराला गोचीड, कुत्र्याला पिसू आणि लूत, माणसाला ऊ, लीख आणि खरूज. आपली भाषा या बाबतीत दरिद्री मुळीच नाही. पण सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगावरच्या या जिवाला आपण नाव दिलं नाही, कारण सरपटणाऱ्या प्राण्याचं अंग इतक्या जवळून आपण कधी पाहिलंच नाही. इंग्रजीत माईट. गोव्यात हा शब्द आला तो नारळाबरोबर. १९९८ साली केरळात नारळावर एरिओफाईड माईट सापडली आणि पुढच्या काही वर्षांत ती पश्चिम किनाऱ्यावर पसरली. तेव्हापासून आमचे बागायतदार खरवडल्यासारखा तपकिरी, खडबडीत नारळ हातात घेऊन 'माईट आयलां' म्हणतात. शेतकी पुस्तकांत तिला कोळी म्हणतात, कारण आठ पायांच्या कुळातली. पाचूच्या अंगावरची तिची लांबची चुलत बहीण. शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. १८४४ साली हिचं पहिलं वर्णन झालं आणि नावातला नॅट्रिक्स म्हणजे पाण्यातला साप. मुळात सापांची ही व्याधी, पण सरडा मिळाला तरी तिचं काही अडत नाही.

खात्री करायची रीत मात्र सोपी. पांढरा कागद घ्यायचा, ओला करून पिळलेला पांढरा रुमाल असला तर उत्तमच, आणि जनावराच्या अंगावरून हलक्या हाताने फिरवायचा. जो ठिपका येईल तो नखाने चिरडायचा. तांबडी रेघ उमटली तर माईट, नाही उमटली तर मळ. आम्ही रुमाल फिरवला. सतरा ठिपके, त्यातल्या चौदांची तांबडी रेघ. ते रक्त पाचूचं होतं. भाचा उठून खिडकीपाशी गेला.

खरं सांगायचं तर त्यानंतरचे दोन दिवस आम्ही जे केलं ते सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

बातमी घरात फुटली. चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या हिंदू घरात काही गुपित राहील, ही अपेक्षाच चूक. शेजारच्या काकींनी करंजेल लावा म्हटलं. भावोजींच्या मोठ्या भावाने तंबाखूचं पाणी सुचवलं, पूर्वी गुरांना लावत असत म्हणे. तंबाखूतलं निकोटिन हे जहाल विष आहे आणि नऊशे ग्रॅमच्या प्राण्याची कातडी ते किती पिऊन घेईल, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. माझ्याही. मला ते एवढ्याचसाठी नको होतं की घरात वास येईल. एकाने रॉकेलचं नाव काढलं. आणि मग भाच्याने कपाटाच्या वरच्या खणातून एक पाकीट काढून आणलं.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. मे २०२१ आठवतो ना? कोविडची ती भयंकर लाट चालू असताना आपल्या राज्य सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर केलं होतं, रोज बारा मिलीग्रॅम, पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याच्या उलट होता, ते राहू दे. पण तेव्हापासून गोव्यात कितीतरी घरांच्या औषधाच्या डब्यात हे नाव ओळखीचं झालं. बहिणीच्या घरी तर एक अख्खं पाकीट तसंच पडून होतं. तारीख कधीच उलटून गेलेली. भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की हेच औषध माईटवर चालतं. वाचलं ते खोटं नव्हतं. जपानातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून निघालेलं हे औषध. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना त्यासाठी २०१५ साली नोबेल मिळालं. गुरांच्या गोचिडांवर आणि जंतांवर ते वापरतात, आणि सरड्यांच्या माईटवरही प्राण्यांचे डॉक्टर ते देतात.

तर मुलगा गोळी पाट्यावर घेऊन बसला होता. चिमूटभर पूड जास्वंदीच्या पानावर घालून देणार होता.

मी कागद-पेन्सिल घेतली, एवढंच मी त्या दोन दिवसांत शहाण्यासारखं केलं. सरपटणाऱ्या प्राण्यांना साधारण मात्रा किलोला ०.२ मिलीग्रॅम. पाचू नऊशे ग्रॅमचा, म्हणजे त्याला झालं ०.१८. गोळी बारा मिलीग्रॅमची. म्हणजे एका गोळीचे साठ-सत्तर सारखे भाग करायचे आणि त्यातला एक द्यायचा. पाट्यावर, बोटाने, चिमटीत! आणि एवढ्यावर भागत नाही. हेच औषध कासवाला दिलं तर कासव मरतं. सरपटणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. एकाला उतारा तो दुसऱ्याला मृत्यू. शिवाय आधीच रक्त गेलेला, अशक्त झालेला प्राणी ते कसं सोसेल हे पाहायला कुणी जाणता जवळ नको का? मी हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. भाच्याने गोळी पाट्यावरून उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात दोनदा धुतले.

मुलाने मूर्खपणा केला असं मला वाटत नाही. आपण सगळे हेच करतो. रोगाचं नाव कळलं की गोळीचं नाव शोधतो. मधला माणूस, ज्याने रोगी पाहायचा असतो, तो आपल्याला वेळखाऊ वाटतो.

असो. मधला माणूस शोधायलाही कष्ट पडले. गोव्यात गुरांचे, कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चांगले आहेत. पण इग्वाना म्हटल्यावर दोघांनी फोनवरच हात जोडले. एकाने तर, "तुमी ताका खंय थंयच्यान हाडला?" असं विचारून घेतलं. तिसऱ्याने बोलावलं. तरुण माणूस. त्याने पाचूला नीट तपासलं, तोंड हळूच उघडून आतला रंग पाहिला. फिका होता. अंगातलं रक्त कमी झाल्याची ती खूण. आणि मग त्याने जे विचारलं ते ऐकून मी चमकलो. तो म्हणाला, "जनावराकडे मी पाहतो. तुम्ही मला आधी त्याच्या पेटीचं सांगा."

पेटी म्हणजे भावोजींच्या घरचं जुनं काचेचं कपाट. आत प्लायवूड, कोपऱ्यांत फटी, तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा चार बोटं जाड, कारण आपल्याकडे तो स्वस्त आणि छान दिसतो. वर ऊब देणारा दिवा, अतिनील किरणांची नळी. आणि मधोमध एक देखणं वाळकं खोड. ते खोड कुठलं, हे डॉक्टरने तीन वेळा विचारलं तेव्हा भाच्याच्या तोंडून निघालं. त्याच्या एका मित्राच्या मित्राने परदेशी जातीचा अजगर पाळला होता, तो मेला, आणि त्याच्या पेटीतलं खोड याने फुकट मिळालं म्हणून आणलं. तीन आठवड्यांपूर्वी.

साप कशाने मेला, हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरने मग कागदावर एक वर्तुळ काढून समजावलं. या माईटच्या आयुष्यात पाच अवस्था. अंडं, अळी, मग दोन टप्प्यांची पिल्लं, मग प्रौढ. यांतल्या दोनच अवस्था रक्त पितात, पहिल्या टप्प्यातलं पिल्लू आणि प्रौढ. बाकी सगळा काळ ती जनावराच्या अंगावर नसतेच. फटीत, भुशात, सालीखाली, अंधारात असते. अंडी तिथेच घालते, एक मादी आयुष्यात साठ-ऐंशी. उबेत हे चक्र दोन-अडीच आठवड्यांत पुरं होतं. म्हणजे तुम्ही रोज रात्री पाचूच्या अंगावरून जे टिपत होता, ते वरवरचे पाहुणे. घर तळाशी होतं.

आणि तिला आवडणारं हवामान कोणतं? पंचवीस ते तीस अंश ऊब आणि ऐंशीच्या आसपास आर्द्रता. मला हसू आलं. हा आमचा श्रावण! ज्या हवेत आमच्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, पापड मऊ पडतात, पंचांगाची पानं एकमेकांना चिकटतात, त्याच हवेत हिला स्वर्ग. इग्वानालाही दमट हवा लागतेच, तो वर्षावनातला प्राणी. त्यामुळे पेटी कोरडी ठणठणीत करून चालत नाही. म्हणजे तुम्ही तुमच्या प्राण्यासाठी जे हवामान मोठ्या प्रेमाने तयार करता, तेच त्याच्या शत्रूसाठी तयार होतं.

मला तेव्हा आजीचा गोठा आठवला. गोठ्यात गोचीड झाले की आजी गाईला हात लावायच्या आधी गुरं बाहेर अंगणात बांधायची. गोठा रिकामा करायची, शेणमाती खरवडून काढायची, आणि मग सुक्या पेंढ्याचा चूड पेटवून भिंतीच्या कडेने, खांबांच्या बुडाशी, दगडांच्या फटींतून फिरवायची. चटचट आवाज यायचा. आम्हा पोरांना त्यात मजा वाटायची. मग सारवण. आणि तिसऱ्या प्रहरी, सगळं वाळल्यावर, ती गाईपाशी बसून एकेक गोचीड काढायची. आजीला माईटच्या पाच अवस्था कुणी सांगितल्या नव्हत्या. पण 'गाईच्या अंगावर दिसतो तो गोचीड थोडा, गोठ्यात असतो तो पुष्कळ' हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोंबड्यांच्या खुराड्यातही ती चुलीतली राख टाकायची. तिचा नातू आणि पणतू, दोघे शिकलेले, कापूस घेऊन जनावराच्या अंगाशी झटत बसले.

डॉक्टरने सांगितलेलं काम असं होतं. काथ्याचा भुसा सगळा पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर. खोड जाळून टाका. पाचूची आपली जुनी फांदी ठेवायची असेल तर उकळा, पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर ही टिकत नाही. तळाला फक्त रद्दी, रोज बदलायची. प्लायवूडच्या सगळ्या फटी सिलिकोनने बुजवायच्या. पेटी कढत पाण्याने आणि ब्रशने धुवायची, आज, मग दर तीन-चार दिवसांनी. जनावराला कोमट पाण्यात खांद्यापर्यंत वीसेक मिनिटं बसवायचं. माईट बुडून मरतात, पण हुशार असतात, कोरड्या डोक्याकडे पळतात, तेव्हा डोळ्यांच्या कडेला ओल्या कापसाच्या काडीने टिपायचं. कुत्र्यांच्या गोचिडांवर असतो त्यातला एक फवारा त्याने स्वतः कापडावर घेऊन पाचूच्या अंगावरून पुसला, तोंड-डोळे सोडून. थेट अंगावर मारू नका, आणि माझ्याशिवाय पुन्हा लावू नका, असं बजावलं. आयव्हरमेक्टिनची गरज त्याला वाटली नाही. रक्त कमी असताना मी ते टाळेन, म्हणाला.

"किती दिवस?" भाच्याने विचारलं.

"सहा आठवडे. शेवटची माईट दिसल्यापासून मोजायचे, आजपासून नव्हे."

रक्त न मिळालेलं पिल्लू फटीत दोन-तीन आठवडे उपाशी तग धरतं. त्यामुळे आठ दिवसांत अंग स्वच्छ दिसलं म्हणून जो थांबतो, त्याला महिन्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी कसोटी इथे आहे. पहिले आठ दिवस कुणीही करतो. भीती करवून घेते. नंतरचे पस्तीस दिवस, जेव्हा काहीच दिसत नसतं आणि तरी रोज रद्दी बदलायची असते, ते करणारा विरळा.

आमच्याकडे त्या पस्तीस दिवसांच्या मध्ये चवथ होती.

न्हाणीतलं आजीच्या वेळचं तांब्याचं भाण, ज्यात चवथीच्या सकाळी घरातल्या सगळ्यांचं पाणी तापतं, त्यात इग्वानाची फांदी उकळली गेली. हे बहिणीला नंतर कळलं. त्या दिवशी घरात जे झालं ते लिहीत नाही. भाण चिंचेने घासून घासून सोन्यासारखं केलं भाच्याने, तीन वेळा.

पण बहिणीचा राग भाण्यावरचा नव्हता. चार दिवसांनी पस्तीस माणसं घरी येणार, आणि तिच्या मनगटावर तांबडे चट्टे उठलेले. ही माईट माणसाला चावते. माणसाच्या अंगावर घर करत नाही, पण चावते. घरात किडे झाले, ही गोष्ट आपल्याकडे आजारापेक्षा अब्रूची असते. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या तर आई शाळेला कळवत नाही, आणि म्हणून त्या अख्ख्या वर्गात फिरतात. तो अजगरवाला मुलगाही बहुतेक अशाच लाजेने गप्प बसला असेल. त्याने 'खोड नेऊ नको, माझ्या सापाला माईट झाल्या होत्या' एवढं एक वाक्य उच्चारलं असतं, तर पाचूचं रक्त वाचलं असतं. मी बहिणीला म्हटलं, येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाक. मुलांनी त्या खोलीत जाऊ नये, पेटीला हात लावू नये. तिने सांगितलं. कुणाचीही अब्रू गेली नाही. उलट दोन काकींनी आपापल्या कुत्र्यांच्या कथा सुरू केल्या.

चवथीच्या रात्री आरत्यांना घुमट निघालं. आजोबांचं जुनं घुमट भिंतीवर टांगलेलं असतं, ते आता वाजवत नाहीत. त्याला घोरपडीचं कातडं आहे. नवं वाजवतात ते बकरीच्या कातड्याचं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिला मारणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. बकरीच्या कातड्याचं घुमट रुळलं आणि २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, ही मला बरी तडजोड वाटते. जुन्या मंडळींची कुरकुर असते की तो नाद नाही. नसेल. पण त्या रात्री शामेळ आणि झांजांच्या मधे बसून माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. सरड्याच्या जातीच्या कातड्याशी आम्हा गोंयकारांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण तो मेलेल्या कातड्याशी. ते कसं ताणायचं, वाजवण्याआधी कसं शेकायचं, पावसाळ्यात दमटपणापासून कसं जपायचं, सगळं आम्हाला ठाऊक. जिवंत कातडी कशी जपायची हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. आतल्या खोलीत भाचा आरती सोडून त्या वेळी तेच करत होता. पाचूचं स्नान त्याने टाळलं नाही.

जेवणं झाल्यावर एका नातेवाइकाने, वयाने आणि मानाने मोठे, भाच्याला जवळ बसवून सल्ला दिला. "कशाला हा व्याप? डोंगरावर सोडून दे. देवाचा जीव आहे, जगेल." चांगल्या मनाने सांगितलं. आणि मला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना हेच दयाळूपणाचं वाटेल. म्हणून याविषयी माझं मत मी स्पष्ट लिहितो. त्या रात्री आदरापोटी मी गुळमुळीत बोललो.

सोडणं ही दया नव्हे. पाचू या मातीतला नाही. हिरवे इग्वाना असेच कुणी ना कुणी 'देवाचा जीव' म्हणून सोडले, काही पळाले, आणि फ्लोरिडात, पोर्तो रिकोत, तैवानात ते इतके माजले की तिथली सरकारं आज ते काढत बसली आहेत. आपली हवा त्यांना या सगळ्यांइतकीच मानवेल. आणि समजा पाचू मेला असता, तरी त्याच्या अंगावरची माईट मेली नसती. तिला साप चालतो, सरडा चालतो. आपल्या सह्याद्रीत सापांची काय उणीव आहे? आपल्या घरातली लाज आपण न बोलणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर सोडून देणार, आणि वर त्याला पुण्य म्हणणार!

दुसरं मत त्या अजगराच्या खोडाविषयी. कुठलाही नवा प्राणी, नवं लाकूड, नवं भांडं घरातल्या जनावराच्या पेटीत थेट जाऊ नये. प्राणी असेल तर वेगळ्या खोलीत दीड-दोन महिने, पांढऱ्या कागदावर. आपल्याला सोहेर-सुतक पाळायची सवय आहे. ते पाळण्यामागे काय होतं यावर आपण वाद घालतो. इथे वादच नाही.

पाळणे हा शब्दच बघा ना. मराठीत आपण व्रत पाळतो, पथ्य पाळतो, शब्द पाळतो, आणि कुत्राही पाळतो. क्रियापद एकच. पोसणे वेगळं, त्यात नुसतं खाऊ घालणं आलं. भाच्याने पाचूला दोन महिने उत्तम पोसलं होतं, भोपळ्याच्या फोडी एकसारख्या चिरून. पाळायला त्याने चवथीच्या आसपास सुरुवात केली. परदेशी प्राणी दिवाणखान्यात ठेवण्याची हौस सध्या शहरांतून वाढली आहे, आणि मला ती फारशी आवडत नाही हे लपवत नाही. हिरवा इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो, पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो. ज्याला हे सांगून विकलं, त्यातले किती जण घेतील? कायदाही आता झोपलेला नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, आणि इग्वानासारखे आंतरराष्ट्रीय यादीतले प्राणी परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. पाचूची नोंद आहे. पण नोंद हा कागद झाला. रोजची रद्दी बदलते की नाही, हे कुठलं पोर्टल विचारत नाही.

रद्दीवरून आठवलं. आमच्या घरी दोन मराठी दैनिकं येतात. ती मी जमवून दर रविवारी फोंड्याला पोचवत असे. इतक्या उपयोगाला ती याआधी आली नव्हती, असं भावोजी म्हणत. संपादक मंडळींनी क्षमा करावी.

दुसऱ्या आठवड्यात रुमालावर पाच ठिपके आले, तिसऱ्यात दोन. मग एकदा एकही नाही, आणि त्याच्या चार दिवसांनी पुन्हा एक, तांबडी रेघ काढणारा. भाच्याने वहीत मोजणी पुसून परत शून्यावर आणली. कुरकुर केली नाही. पाचूने मधे कात टाकली, तुकड्या-तुकड्यांनी, आणि खालून असा हिरवा निघाला की नावाला शोभेल. डॉक्टरने तोंड उघडून पाहिलं, आतला रंग गुलाबी. खायलाही लागला.

शून्यापासूनचा चाळिसावा दिवस दिवाळीच्या तोंडावर आला. मी गेलो होतो. रुमाल फिरवला तर कोपऱ्यात एक काळा कण. दोघेही गप्प. भाच्याने तो नखाखाली घेतला आणि चिरडला. रेघ उमटली नाही. वास घेऊन पाहिला तर मिऱ्याची पूड, स्वयंपाकघरातून हाताला लागून आलेली.

मी म्हटलं, झालं एकदाचं. आता दोनच दिवस, म्हणजे सहा आठवडे पुरे. तो वही बघत होता.

"मामा, आनीक चार दीस करूंया," म्हणाला, आणि रद्दीचा गठ्ठा उचलून आत गेला.